चार मीटरच्या आतली गाडी

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी गाड्यांवरचे जीएसटीचे नवे दर लागू झाले. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. पितृपक्षात कोल्हापुरात तसंही कुणी नव्या गाडीला हात लावत नाही. त्यात १५ ऑगस्टच्या भाषणातच दर उतरणार असं सांगून झालेलं. त्यामुळे महिनाभर लोक शोरूममध्ये चहा पिऊन, माहितीपत्रक घेऊन परत येत होते. दसऱ्याच्या तोंडावर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, 'आमची छोटीत बसते काय?'

छोट्या गाडीला कर कमी, मोठीला जास्त; त्या 'छोटीत' शब्दाचीच ही पार्श्वभूमी. मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर होतो. कोटेशन, मार्जिन मनी, दोन जामीनदार, आरसीवर बोजा चढवणे-उतरवणे हे इथल्या घराघराला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही. पण कोटेशनवरचा आकडा जिथून येतो तो मुळातला शब्द मात्र फारसा कुणी उलगडून पाहिलेला नाही.

फार मागे जायचं कारण नाही. संस्थानकाळात मोटार ही छत्रपतींची आणि सरदारांची. छत्रपतींची ती जुनी मेबॅक मोटार अजूनही शाही दसऱ्याला दसरा चौकात येते आणि लोक सोनं लुटायचं सोडून तिचे फोटो काढतात. पुढची तीस-पस्तीस वर्षं ॲम्बेसेडर आणि फियाट, त्याही नंबर लावून. साखर कारखान्याची जीप असायची, ती चेअरमनची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पन्नास हजारांच्या आसपास गाडी मिळू लागली. तेव्हा 'छोटी गाडी' म्हणजे मारुती, व्याख्येची गरजच नव्हती. १९९८ मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि वर्षअखेरीस इंडिका आली. डिझेल इंडिकाने आमच्या भागात जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गाडीने केलं नसेल. उसाचं बिल आलं की अर्धे पैसे रोख, अर्धं कर्ज, आणि हप्ता महिन्याला नव्हे तर हंगामाला. माझ्या टेबलावर आलेल्या पहिल्या शंभर फायलींत निम्म्याहून जास्त इंडिका असतील.

खरी गोष्ट २००६ च्या अर्थसंकल्पात सुरू होते. भारत हे छोट्या, इंधन कमी खाणाऱ्या गाड्यांचं जगातलं केंद्र व्हावं, असं त्या भाषणात म्हटलं होतं आणि त्यासाठी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. सवलत द्यायची तर छोटी कशाला म्हणायचं हे लिहावं लागतं. लिहिलं ते असं: लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंत. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. एक चुकली की गाडी मोठी.

जपानमध्ये अशीच एक छोट्या गाड्यांची जात आहे, केई म्हणतात तिला. तिथे इंजिन ६६० सीसी, लांबी ३.४ मीटर, आणि रुंदी १.४८ मीटर, उंचीलाही मर्यादा. मोकळ्या जागेची टंचाई असलेल्या देशाने चारी बाजूंनी माप घेतलं. आपल्याकडे फक्त लांबी घेतली. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

नियम आला आणि कारखाने टेप घेऊन बसले. स्विफ्टचं पेट्रोल इंजिन १,२९८ सीसीचं होतं, म्हणजे गाडी चार मीटरच्या आत असूनही मोठी. २०१० मध्ये ते जाऊन १,१९७ सीसीचं आलं. त्या काळापासून आजवर १.२ लिटरच्या कुठल्याही हॅचबॅकचं माहितीपत्रक उघडा, १,१९७, १,१९८, १,१९९ असेच आकडे दिसतील. जगाच्या पाठीवर कुणी इंजिनिअर आपणहून इतका काठावर येऊन थांबत नाही, हे करवसुलीचं इंजिनिअरिंग आहे.

लांबीचं तर विचारूच नका. इंडिगो ४,१५० मिलिमीटरची होती. २००८ मध्ये तिची शेपटी छाटून ३,९८८ मिलिमीटरची इंडिगो सीएस निघाली. पहिली स्विफ्ट डिझायर ४,१६० ची. २०१२ मध्ये दुसरी आली ती ३,९९५ ची. सोळा-सतरा सेंटिमीटर गेले ते सगळे डिकीतून. त्या वर्षी कागल तालुक्यातले एक दूध उत्पादक आमच्याकडे कर्जाला आले होते. आधीची डिझायर पाहून बयाणा दिलेला, आणि हातात येणार होती नवी. हा गडी शोरूमला जाताना घरची दुधाची किटली बरोबर घेऊन गेला. डिकी उघडून किटली ठेवली, झाकण लावलं, लागलं नाही. आडवी ठेवली, लागलं. मग माझ्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, गाडी तीच म्हणतात, मग डिकी गेली कुठं?" मी त्यांना कोटेशन दाखवलं. गेलेल्या डिकीच्या बदल्यात एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, निम्म्यावर आलेलं होतं. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "किटली आडवीच नेतो."

मला वाटतं या एका वाक्यात २००६ ची व्याख्या यशस्वी का झाली ते आहे. पण ती बरोबर होती का, हा वेगळा प्रश्न.

बोलेरोचं उदाहरण त्याहून बोलकं आहे, कारण आमच्याकडे बोलेरो ही गाडी नसून एक पद आहे. जुनी बोलेरो ४,१०७ मिलिमीटर लांब आणि इंजिन २,५२३ सीसी. २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली: ३,९९५ मिलिमीटर, १,४९३ सीसी. बंपर आखूड झाले, इंजिन लहान झालं आणि सात माणसांची, शेतात जाणारी, बाजार समितीत उभी राहणारी गाडी सरकारदरबारी 'छोटी' ठरली. त्याच वर्षी ब्रेझा आली, ३,९९५ मिलिमीटर आणि १,२४८ सीसी डिझेल, म्हणून तीही छोटी. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू होताना डिझेल बंद करून तिच्यात १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं. पत्रा तोच, लांबी तीच, गाडी मात्र मोठी झाली. शेजारी उभी असलेली ३,९९५ मिलिमीटरचीच नेक्सॉन १,१९९ सीसीमुळे छोटी राहिली. २०२५ च्या नवरात्रात सर्वात जास्त वादावादी या जोडीवरून झाली. दोन्ही गाड्या एकाच घरासमोर लावल्या तर कुठली मोठी हे टेपनेही सांगता येणार नाही.

आता दुसऱ्या टोकाचा शब्द, एसयूव्ही. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं शुल्क २७ वरून ३० टक्के केलं आणि व्याख्या दिली: चार मीटरपेक्षा लांब, १,५०० सीसीपेक्षा मोठं इंजिन, गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. ही उंची रिकाम्या गाडीची की भरलेल्या? पाच माणसं आणि सामान टाकल्यावर स्प्रिंग दबतात, दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात. त्या तेवढ्या फरकावर लाखभराचा कर उभा. जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७ ला मूळ दर सगळ्यांना २८ टक्के आणि वर उपकर: छोट्या पेट्रोलवर १, छोट्या डिझेलवर ३. मोठ्यांवर आधी सरसकट १५ आणि दोन महिन्यांत मध्यम गाड्यांना १७, त्याहून मोठ्यांना २० आणि एसयूव्हीला २२. या २२ टक्क्यांच्या अटींत आणखी एक मजेशीर अट होती. गाडी 'लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जाणारी' हवी. म्हणजे कर ठरणार लोक काय म्हणतात त्यावरून! आमच्याकडे तर सुमोपासून कुठल्याही उंच गाडीला लोक 'जीप' म्हणतात. शेवटी जीएसटी परिषदेच्या जुलै २०२३ च्या बैठकीत ते शब्द काढले, 'कुठल्याही नावाने ओळखली जाणारी' असं केलं आणि १७० मिलिमीटर हे रिकाम्या गाडीचं माप असं स्पष्ट केलं. दहा वर्षं लागली एका स्प्रिंगचा निकाल लावायला.

आणि दोन वर्षांत तो सगळा खटाटोप निकाली निघाला. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत गाड्यांवरचा उपकर गेला. छोटी असेल तर १८ टक्के, नसेल तर ४०. मधलं काही नाही. आता १७० मिलिमीटरचं काही महत्त्व उरलं नाही, पण ४,००० आणि १,२०० चं महत्त्व कधी नव्हे इतकं वाढलं. पूर्वी छोट्या पेट्रोल गाडीवर २९ टक्के आणि तिच्या थोड्या मोठ्या बहिणीवर ४५. फरक १६ चा. आता २२ चा. दर कमी झाले हे खरं, पण ब्रेझाचं ४५ चं ४० झालं आणि नेक्सॉनचं २९ चं १८.

हे प्रत्यक्ष कागदावर कसं उतरतं ते पाहू. कराआधीची किंमत ६ लाख धरा. २९ टक्क्यांनी एक्स-शोरूम, म्हणजे जीएसटी धरून शोरूमची किंमत, ७ लाख ७४ हजार व्हायची, १८ ने ७ लाख ८ हजार. ६६ हजार वाचले. त्यावर राज्याचा वन टाइम टॅक्स, नोंदणीच्या वेळी एकदाच भरायचा. तो एक्स-शोरूमवर लागतो, म्हणजे करावर कर. आमच्याकडे पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के. तिथेही सव्वासात हजार कमी झाले. ज्यांची गाडी साडेदहा लाखांची होती त्यांचं तर नशीबच उघडलं. ती ९ लाख ६० हजारांवर आली, टॅक्सचा टप्पा १२ वरून ११ झाला, आणि दहा लाखांवरच्या गाडीला जो एक टक्का टीसीएस, म्हणजे आयकरापोटीची आगाऊ रक्कम, विक्रेता घेतो तोही टळला. टीसीएस विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण शेतकरी कुटुंबात विवरणपत्र कोण भरतंय? ती रक्कम गेली म्हणूनच धरायची.

सीएनजीवाल्यांचं गणित थोडं वेगळं. त्यांना पेट्रोलसारखीच १,२०० सीसीची अट, पण राज्याचा टॅक्स कमी. जुलै २०२५ पासून तो एका टक्क्याने वाढून दहा लाखांपर्यंत ८ झाला. सिलिंडर मात्र बसतो त्याच छाटलेल्या डिकीत. आता काही कंपन्या एका मोठ्याऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवतात. बाकीच्यांच्या गाडीत डिकी म्हणजे सिलिंडरचं घर.

कर्जाच्या बाजूला या व्याख्येचं काहीच पडलेलं नाही, बँकेला गाडीची लांबी लागत नाही. तिथला घोटाळा जुनाच आहे, 'फ्लॅट' व्याजाचा, म्हणजे फेडलेलं वजा न करता शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावलेल्या व्याजाचा. पाच लाख, पाच वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज पावणेदोन लाख आणि हप्ता ११,२५०. घटत्या शिलकीवर मांडलं तर तो दर साडेबाराच्या आसपास येतो. त्या नवरात्रात किंमत उतरली या आनंदात अशा फायली बऱ्याच झाल्या असणार. आणि महापुराचं एक. २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरीत, नागाळा पार्कात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांनी लोकांना विम्यातलं इंजिन प्रोटेक्ट हे जादा कलम शिकवलं. पाण्यातून गाडी सुरू करून इंजिन बसलं तर साध्या विम्यात ते बसत नाही. पंचगंगा ३९ फुटांवर इशारा देते, ४३ ला धोका. तेवढ्या वेळात गाडी उंचावर नेऊन लावणं सगळ्यात स्वस्त.

राहिला रुंदीचा मुद्दा. शुक्रवार पेठेतले माझे एक मावसभाऊ दसऱ्याच्या आधी आपल्या बोळाचं माप सुतळीने घेऊन आले. सुतळीला दोन गाठी, एक भिंतीपाशी, एक समोरच्या कट्ट्यापाशी. त्यांच्या दारात पूर्वी ८०० उभी असायची, १,४४० मिलिमीटर रुंद. वॅगन आर १,६२० ची. आता त्यांच्या मुलाला हवी होती नेक्सॉन, १,८०४ ची, आरसे वेगळे. 'छोटी' म्हणून १८ टक्क्यांत बसणारी गाडी बोळात बसेना. लांबीवर बंधन आणि रुंदीला मोकळं रान असल्यावर कारखाने आडवे वाढणार, उभे वाढणार. वीस वर्षांत तेच झालं. पेठांतल्या कट्ट्यांना, गटारीच्या फरशांना आणि सकाळी उठून एकमेकांच्या गाड्या मागे घ्यायला लावणाऱ्या शेजाऱ्यांना त्याचा हिशेब विचारा. भाऊ शेवटी वॅगन आर घेऊन आले, पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

त्याच सप्टेंबरात इंधनक्षमतेच्या पुढच्या टप्प्याच्या नियमांचा मसुदा आला. त्यात छोट्या पेट्रोल गाड्यांना थोडी सवलत सुचवली होती आणि 'छोटी' पुन्हा नव्याने लिहिली होती: चार मीटर, १,२०० सीसी, आणि आता वजन ९०९ किलोच्या आत. ज्यांच्या गाड्या हलक्या त्या कंपन्या खूश, ज्यांच्या जड त्या म्हणाल्या हे एकाच्या सोयीचं आहे. रुंदी त्यातही नव्हती.