मे महिना, कूलर आणि सीपॅप

घोरणारा माणूस मध्येच गप्प झाला की घरच्यांना वाटतं, चला, आता शांत झोपला. नेमका त्याच वेळी त्याचा श्वास अडलेला असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट मिटते. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू दचकून जागा होतो, एक मोठा घरघराट होतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. हाच स्लीप अ‍ॅप्निया. श्वास पूर्ण थांबणं आणि अर्धवट अडणं, दोन्ही मिळून तासाला ५ ते १५ वेळा घडलं तर तो सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मोजताना किमान १० सेकंदांचाच अडथळा धरतात.

अमळनेरकडच्या माझ्या मामांचा आकडा शेवटच्या गटातला निघाला. तपासणीच्या आधीच मामींनी अहिराणीत निदान सांगून टाकलं होतं : "रातभर घोरतस, मंग एकदम गप."

यावरचा प्रमुख उपाय म्हणजे सीपॅप. हे मशीन प्राणवायू देत नाही, खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नळी आणि मास्कमधून नाकात सोडतं. शेतात ठिबकची पातळ नळी पाणी सोडेपर्यंत चपटी पडून असते आणि दाब आला की गोल फुगते, घशाचंही तसंच. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का, पण मिटणारी वाट उघडी ठेवायला तेवढा पुरतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा मास्क रोज रात्री चेहऱ्याला चक्क चिकटवावा लागे. त्या मानाने आजचे पट्टे म्हणजे सुखच.

तरी पहिले काही आठवडे जड जातात आणि बरीच मशिनं त्या काळातच कपाटात जातात. माणूस म्हणतो, "मला सोसत नाही." माझ्या मते बहुतेकदा नडतो तो मास्क, माणूस नव्हे. मामांच्या झुपकेदार मिशीवर नाकाचा मास्क नीट बसेना, त्यात कपाळावर खोबरेल तेल. कडेने हवा निसटून डोळ्यांत जायची, मामा पट्टे आवळायचे, सकाळी नाकावर लाल वळ. उलट पट्टे थोडे सैल करून, झोपतो तसं आडवं होऊन, हवा चालू ठेवून मास्क बसवायचा असतो. शेवटी नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क त्यांना जमला. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा मात्र गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, ती छिद्रं कधी बुजवू नयेत.

जीव घुसमटतो त्यांनी दुपारी टीव्ही पाहताना नुसता मास्क लावून बसावं, मग हवा चालू करून. दाब हळूहळू चढवणारी रॅम्पची सोय बहुतेक मशिनांत असते.

आता आपल्याकडचा उन्हाळा. भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो तेव्हा हवा इतकी कोरडी की नाक-घसा सुकतो. तिथे ह्युमिडिफायर, म्हणजे टाकीतल्या पाण्याने हवा ओलसर करणारा मशीनचा भाग, कामाला येतो. कूलर चालू असेल तर खोलीत आधीच ओल असते, म्हणून त्याची पातळी कमी चालते. धुळ्याच्या थंडीत उलटी अडचण : नळीत वाफ थिजते आणि पाण्याचे थेंब नाकावर टपकतात. नळीला कापडी गवसणी घाला किंवा मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. बोअरचं पाणी टाकीत ओतू नका, क्षारांचा पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड पाणीच वापरा. धुळीच्या दिवसांत फिल्टर एरवीपेक्षा लवकर तपासा.

रात्री वीज गेली तर मशीन बंद पडतं, पण गुदमरण्याची भीती नको. तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला त्यासाठी झडप असते. इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायरची उष्णता बंद ठेवली की बॅटरी बरीच पुरते.

यात एकट्याने तग धरणं कठीण. झोपेत ओढून काढलेला मास्क पुन्हा लावायला मामीच उठायच्या. मशिनात वापराचे तास, गळती आणि उरलेले अडथळे नोंदले जातात. रात्री किमान ४ तास वापर, तोही दहापैकी सात रात्री, हा नेहमीचा निकष. ती नोंद डॉक्टरांना दाखवून दाब त्यांच्याकडूनच बदलून घ्यावा, स्वतः छेडछाड करू नये.

गावात बोलायची लाज हीच मोठी अडचण. मामा भाचीच्या लग्नाला मशीन घेऊन गेले तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत आधी हसू झालं. सकाळी मात्र दोन चुलत भाऊ बाजूला घेऊन विचारत होते, तपासणी कुठे होते, खर्च किती, मिशी काढावी लागते का. मामांनी सगळं सांगितलं आणि परत निघताना टाकीतलं पाणी आठवणीने ओतून टाकलं. पिशवीत मशीन कलंडलं तर तेच पाणी मोटरीत जातं.