फिट थांबवणारं औषध आणि आवळत जाणारी नजर

विगाबॅट्रिन हे फिट्सवरचं औषध ब्रिटनमध्ये १९८९ साली आलं. बाकी गोळ्यांना दाद न देणाऱ्या फिट्स त्याने आटोक्यात येत, म्हणून त्याचं स्वागतही झालं. मग १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तीन रुग्णांची नोंद छापली. औषध चालू असताना त्यांच्या नजरेचा घेर चहूबाजूंनी आवळला होता.

ही गोष्ट कळायला आठ वर्षं का लागली? कारण समोरचं सगळं नीट दिसत राहतं. तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात, पेपर वाचता येतो. जातात त्या कडा, दोन्ही डोळ्यांच्या जवळपास सारख्याच, आणि सुरुवात बहुधा नाकाकडच्या बाजूने होते. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने आलेली स्कूटर दिसत नाही, आणि दोष धांदरटपणावर जातो. नंतरच्या पाहण्यांत हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या प्रौढांपैकी साधारण चौथाई ते निम्म्या लोकांत कमी-अधिक हानी आढळली. गेलेली नजर औषध बंद केल्यावरही परत येत नाही.

मेंदूतल्या पेशींना शांत करणारं ‘गाबा’ नावाचं रसायन मोडणारं एन्झाइम विगाबॅट्रिन कायमचं निकामी करतं. गाबा साठतं, फिट्स थांबतात. पण दृष्टिपटलातही गाबा असतं आणि तिथे तर ते मेंदूपेक्षाही जास्त साठतं. हानी नेमकी कशी होते यावर फ्रान्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक महत्त्वाचा धागा पुढे आणला. औषध दिलेल्या उंदरांच्या रक्तात टॉरिन हे द्रव्य घटलं होतं, टॉरिन पुरवल्यावर दृष्टिपटलाची हानी कमी झाली आणि उजेडात ती वाढत होती. माणसांसाठी मात्र टॉरिन हा अजून सिद्ध झालेला उपाय नाही.

एवढं असूनही हे औषध टाकून देता येत नाही, आणि देऊही नये असं मला ठामपणे वाटतं. तान्ह्या बाळांना झटक्यांच्या लडी येतात त्या वेस्ट सिंड्रोममध्ये, विशेषतः ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार) असलेल्या बाळांत, ते फार गुणकारी आहे. झटके चालू राहिले तर बाळाची वाढच खुंटते. अमेरिकेने २००९ मध्ये परवानगी दिली ती डोळे तपासत राहण्याच्या अटीसह.

मोठ्यांसाठी पेरिमेट्री, म्हणजे नजरेचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट, औषध सुरू करतानाच करावी आणि पुढे ठरावीक काळाने करत राहावी. चष्म्याचा नंबर तपासून हा दोष सापडत नाही. हा दोष फिट्सच्या सगळ्या गोळ्यांचा नाही, आणि भीतीपोटी विगाबॅट्रिनही एकदम बंद करू नये. फिट्स उसळून येतात. बाळ फील्ड टेस्ट करू शकत नाही, म्हणून दृष्टिपटलाचा विद्युत आलेख, ईआरजी, काढतात. औषध जितके महिने चालेल तितका धोका वाढतो, त्यामुळे अनेक डॉक्टर झटके थांबलेल्या बाळांत ते सहा महिन्यांच्या आसपास हळूहळू कमी करत बंद करतात.