जुन्या पेटीची (हार्मोनिअमची) किंमत : आमच्याकडे आणण्यापूर्वी एवढं वाचा

‘घरात आजोबांची पेटी आहे, किती येतील?’ असा फोन आम्हाला जवळजवळ रोज येतो. सोबत व्हॉट्सअॅपवर दोन फोटो असतात, एक झाकण लावलेला आणि एक काढलेला. फोटोवरून आम्ही किंमत सांगत नाही. काही मंडळी त्यावर नाराज होतात, म्हणून कारण लिहून देत आहोत. नक्षी, पॉलिश, पितळी कड्या यांना बाजारात फारसा भाव नाही. भाव ठरतो रीडवर, म्हणजे हवेनं जीभ थरथरून सूर देणाऱ्या आतल्या पितळी पात्यांवर, आणि रीड पाहायला पेटी खोलावीच लागते.

हार्मोनिअमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलं गेलं. पुढे हाताच्या भात्याची पेटी आपल्याकडे बनू लागली, तरी चांगले रीड बरीच वर्षं पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. नंतर गुजरातेत पालीताण्याला रीड तयार होऊ लागले. वाजवणारे आजही जुन्या पॅरिस आणि जर्मन रीडच्या शोधात असतात. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांच्या भावात मोठी तफावत पडते.

आता मुख्य विनंती. आमच्याकडे येण्याआधी पेटीचे रीड कुणाकडूनही ‘साफ’ करून घेऊ नका आणि ट्यूनिंगही करून घेऊ नका. काळवंडलेलं पितळ पाहून हात शिवशिवतात हे आम्हाला कळतं. मग कुणी चिंच लावतं, कुणी पॉलिशपेपर फिरवतं. पण रीडची जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासून गेलेलं पितळ परत येत नाही. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या असतात, डबल रीडची असेल तर रीड ८४. चमकवून आणलेल्या पेटीचा एकेक रीड आम्हाला पुन्हा तपासावा लागतो. त्यात आमचा वेळ जातो आणि तुमचे पैसे. एखादा सूर बोलत नसेल तर बहुतेक वेळा जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी हलकेच सरकवून तो निघतो, तेही काम आमच्यावर सोडा.

घासण्यानं आणखी एक गोष्ट जाते. जुन्या काही पेट्या एका विशिष्ट गळ्यासाठी लावलेल्या असतात. काळी चार किंवा पांढरी एक षड्ज धरून केलेलं गांधार ट्यूनिंग, म्हणजे त्या षड्जाशी बाकीचे स्वर नैसर्गिक अंतरांनी जुळवलेली लावणी, कधी कधी अजून कानाला कळतं. ‘४४० वर आणून द्या’, म्हणजे सगळीकडच्या प्रमाण सुरात लावा, असं म्हणत पेटी दुकानात दिली, की घरातलं माणूस ज्या सुरात गात होतं तो सूर पुसला जातो. कीबोर्डबरोबर वाजवायची असेल तर ४४० हवंच. घरच्या भजनाला त्याची काही गरज नाही.

बाजारभाव आम्ही सांगू. तुमच्यापुरती किंमत मात्र तुम्हीच ठरवायची, आणि ती आमचा आकडा ऐकण्याआधी ठरवावी असा आमचा आग्रह आहे. ‘ही पेटी नाटक कंपनीतली आहे’ असं पुष्कळ जण सांगतात. जुना फोटो किंवा पावती नसेल तर गिऱ्हाईक त्याचा एक रुपयाही देत नाही. तुमच्या घराला मात्र त्याचं मोल असतं. आम्ही एकच प्रश्न विचारतो : हीच पेटी उद्या दुसऱ्याच्या दुकानात दिसली, तर सोडवून आणायला किती मोजाल? भावंडं असाल तर प्रत्येकानं आकडा वेगळ्या कागदावर लिहा, एकमेकांना न दाखवता. तो आकडा बाजारभावाच्या वर गेला तर विकू नका. दुरुस्तीचा खर्चही त्याच आकड्याशी ताडून पाहा. घरात कुणीच वाजवणार नसेल तर पूर्ण दुरुस्ती आम्हीच सुचवत नाही. भाता आणि चामडं नीट करून पेटी जपून ठेवली तरी पुरे.

घरी एवढी एक चाचणी करा. हवेची वाट उघडणाऱ्या पुढच्या सगळ्या खुंट्या बंद ठेवा, भाता भरा आणि हात काढा. भाता सावकाश बसला तर चामडं ठीक आहे. झपकन बसला तर हवा गळते आहे, पण तेवढ्यानं पेटी टाकाऊ ठरत नाही.

पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर ती पेटी आम्ही विकत घेणार नाही आणि विकूनही देणार नाही. कायद्यानं तो व्यापार बंद आहे.

पेटी खोलून पाहण्याचे आम्ही पैसे घेतो. काम आमच्याकडे दिलंत तर ते बिलातून वजा होतात. तपासणी तुमच्यासमोर करतो. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत देतो. ज्या दिवशी पेटी पाहिली त्या दिवशी ती विकत घेत नाही, मग तुम्ही कितीही घाईत असा. घरी जाऊन विचार करा, आठवड्यानं फोन करा. आमचा भाव तोच राहील.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, चामड्याला बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत किंमत करायला पेटी आणू नका. गणपतीआधी भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग असते. दसऱ्यानंतर या, निवांत बसून पाहू. येताना पेटी आडवी ठेवा, चादरीत गुंडाळा, आणि खोक्यातले सुटे तुकडे कचरा समजून टाकू नका.