शीतपित्त (अर्टिकेरिया) : वर्गीकरण आणि निदान

त्वचेवर अचानक उठणाऱ्या, प्रचंड खाजणाऱ्या आणि काही तासांत मागमूस न ठेवता विरून जाणाऱ्या गांधींचा विकार. बोलीत याला अंगावर पित्त उठणे म्हणतात. साधारण पाच माणसांमागे एकाला तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे स्वतंत्र प्रकरण असून गांधीलमाशी डसल्यासारखी सूज, कंड आणि टोचणी असे लक्षण तेथे दिले आहे. ते आजही जसेच्या तसे लागू पडते. यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी मात्र या गांधींचा संबंध नाही.

गांध उठते ती त्वचेतील मास्ट पेशींमुळे. या पेशी चाळवल्या की त्यांतून हिस्टामिन आणि इतर द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरून त्वचा फुगते आणि चेतातंतू चेतवले गेल्याने खाज सुटते. ब्रिटिश वैद्य थॉमस लुइस यांनी १९२७ मध्ये त्वचेवर ओरखडा काढल्यावर दिसणाऱ्या तीन गोष्टींची नोंद केली : आधी लाल रेघ, मग भोवताली पसरणारी लाली आणि शेवटी उंचवटा. गांधीची सगळी घडण या तीन पायऱ्यांत दिसते. हीच क्रिया त्वचेच्या खोल थरात झाली तर ओठ, पापण्या, जीभ किंवा हातपाय सुजतात. त्या सुजेला अँजिओएडिमा म्हणतात. ती उतरायला तीन दिवसही लागू शकतात.

वर्गीकरणाचा पहिला निकष काळाचा आहे. सहा आठवड्यांच्या आत आटोपते ते तीव्र आणि त्याहून अधिक काळ चालते ते चिरकारी शीतपित्त. तीव्र प्रकार लहान मुलांत बहुधा सर्दीतापाच्या विषाणूंमागून येतो. शिंपल्या, कोळंबी, शेंगदाणे, वेदनाशामक गोळ्या, पेनिसिलिन, मधमाशीचा दंश हीही कारणे असतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही आणि दुखणे आपोआप थांबते. चिरकारी प्रकाराचे दोन भाग पडतात. ठरावीक उद्दीपक नसताना गांधी उठतात तो उत्स्फूर्त आणि ठरावीक भौतिक कारणाने दर वेळी उठतात तो प्रेरित. उत्स्फूर्त प्रकारात बऱ्याच रुग्णांची स्वतःची प्रतिपिंडेच (अँटिबॉडी) मास्ट पेशींना चेतवत असतात, म्हणजे दोष ताटातल्या अन्नात नसून शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेत असतो. वांगे, अंडी, डाळी असे एकेक पदार्थ वर्षानुवर्षे सोडत गेलेल्या रुग्णांना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

प्रेरित प्रकार ओळखायला रुग्णाच्या दिनक्रमाची बारीक विचारपूस करावी लागते. नखाने ओरखडल्यावर काही मिनिटांत त्याच रेषेत उंचवटा येतो आणि तासाभरात जातो, तो ओरखड्याचा प्रकार (डर्मोग्राफिझम). परकराच्या नाडीखाली, घट्ट पट्ट्याखाली किंवा जड पिशवी धरलेल्या तळहातावर चार-सहा तासांनी दुखरी सूज येते, तो विलंबित दाबाचा प्रकार; मधे इतका वेळ गेल्याने रुग्णाला कारण आठवतही नाही. व्यायामाने, गरम पाण्याच्या अंघोळीने किंवा घाम फुटल्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या असंख्य गांधी येतात, तो कोलिनर्जिक प्रकार. थंडी, ऊन, उष्णता, कंपन आणि क्वचित नुसते पाणी हीही कारणे असतात. थंडीच्या प्रकाराकडे दुर्लक्ष करू नये, कारण गार पाण्यात पोहताना सारे अंग एकदम गारठून रक्तदाब कोसळू शकतो.

या कारणांची शहानिशा करणाऱ्या चाचण्या साध्या आहेत. थंडीच्या प्रकारासाठी पिशवीत बांधलेला बर्फाचा खडा मनगटाजवळ पाच मिनिटे धरून नंतर दहा मिनिटांनी त्वचा पाहतात. दाबाच्या प्रकारासाठी खांद्यावर वजन अडकवून सुमारे सहा तासांनी पाहणी होते. चाचणीपूर्वी अँटिहिस्टामिन (हिस्टामिनला रोखणाऱ्या) गोळ्या किमान तीन दिवस बंद ठेवाव्या लागतात.

निदानात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एका गांधीचे आयुष्य. रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत अंग बहुधा स्वच्छ झालेले असते, म्हणून मोबाइलवर काढलेले फोटो उपयोगी पडतात. एखादी गांध निवडून तिच्याभोवती बॉलपेनने गोल काढावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावे. गोलातली त्वचा पूर्ववत असेल आणि नव्या गांधी दुसरीकडे असतील, तर ते शीतपित्तच. गांध चोवीस तासांहून अधिक टिकली, खाजेपेक्षा जळजळली आणि जाताना काळसर-जांभळा डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घेऊन त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. मुलांच्या पायांवर पावसाळ्यात दिसणारे, कित्येक दिवस टिकणारे कठीण पुरळ किड्यांच्या चाव्याचे असते. त्याला पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणत असले तरी ते शीतपित्त नव्हे. सावळ्या आणि गडद त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे तिरप्या उजेडात पाहणे आणि बोटांनी उंचवटा चाचपणे गरजेचे ठरते. पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या त्वचेच्या चित्रांवर विसंबणाऱ्याची येथे हमखास चूक होते.

तीव्र शीतपित्तात बहुतेकदा कोणतीही तपासणी लागत नाही. चिरकारी प्रकारात रक्तपेशींची गणना आणि ईएसआर किंवा सीआरपी या दाह दाखवणाऱ्या तपासण्यांपासून सुरुवात होते. तज्ज्ञ त्यांत एकूण आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची भर घालतात. शेकडो पदार्थांची ‘ॲलर्जी पॅनेल’ चिरकारी उत्स्फूर्त प्रकारात जवळजवळ निरुपयोगी असते. अहवालात दिसलेला पदार्थ रुग्ण रोज निमूट पचवत असतो, तरीही या तपासण्यांवर हजारो रुपये खर्च होतात आणि घरचा स्वयंपाक उगाच बंधनांनी भरून जातो. त्यापेक्षा आठवडाभराची नोंदवही अधिक सांगते. रोजच्या गांधींना ० ते ३ आणि खाजेला ० ते ३ गुण देऊन सात दिवसांची बेरीज करतात; तिची कमाल ४२ येते आणि औषध लागू पडते आहे की नाही हे तिच्यावरून कळते.

उपचारात झोप न आणणाऱ्या नव्या अँटिहिस्टामिन गोळ्या रोज नियमाने घेणे हा पाया आहे. गरजेनुसार डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत नेतात. तेवढ्याने भागले नाही तर आयजीईला रोखणाऱ्या ओमालिझुमॅबची इंजेक्शने देतात. कोकणात आणि देशावरही आमसुलाचा कोळ अंगाला लावतात. त्याच्या गारव्याने खाज निवते, मूळ प्रक्रिया थांबत नाही. थंडीने गांधी उठणाऱ्याने तर तो गारवा टाळावाच. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणे घातक आहे.

गांधींबरोबर श्वास लागणे, आवाज बसणे, चक्कर किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ती ॲनाफिलॅक्सिसची (ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्याची) खूण असते आणि मांडीच्या स्नायूत ताबडतोब ॲड्रिनलिन द्यावे लागते. गांधी मुळीच नसताना वारंवार ओठ-जीभ सुजत असेल, तर वाट वेगळी आहे. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल चालू आहे का, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हे विचारावे आणि रक्तातील सी-४ या प्रथिनाची पातळी पाहावी. ही सूज हिस्टामिनची नसून ब्रॅडिकायनिन या वेगळ्या द्रव्याची असू शकते. मग अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड तिच्यावर चालत नाहीत आणि घशाला सूज आल्यास रुग्णाला थेट रुग्णालयातच न्यावे लागते.