उपचारांखाली अँटिबॉडी टेस्ट: एका वादाची पार्श्वभूमी

एचआयव्हीची औषधे सुरू असताना अँटिबॉडी टेस्टने निदान पडताळावे का, हा तो वाद. 1985 मध्ये एलायझा ही पहिली रक्ततपासणी आली तेव्हापासून एचआयव्हीचे निदान अँटिबॉडींवर, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर बनवते त्या प्रथिनांवर, उभे आहे. त्या एकदा तयार झाल्या की आयुष्यभर टिकतात, हे गृहीतच होते. तेव्हा ते बरोबरही होते. विषाणू रक्तात अखंड वाढत असे आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना उसंत मिळत नसे. 1987 च्या एकट्या औषधाने त्यात फारसा फरक पडला नाही.

1996 नंतर एकत्रित औषधांनी विषाणू दबला, तशा अँटिबॉडीही उतरू लागल्या. जुन्या रुग्णांत हा उतार संथ असतो आणि टेस्ट बहुधा पॉझिटिव्हच राहते. लागण होऊन काही आठवड्यांतच गोळ्या सुरू झाल्या तर मात्र प्रतिसाद अर्धवट राहतो. वेस्टर्न ब्लॉट या खात्रीच्या अँटिबॉडी टेस्टवर पट्ट्या कमी उमटतात, क्वचित उमटतच नाहीत. जन्मतःच औषध मिळालेल्या बाळांत आईच्या अँटिबॉडी साधारण दीड वर्षात ओसरतात आणि काहींत स्वतःच्या बनतच नाहीत. 2013 मध्ये ‘बरी झाली’ म्हणून गाजलेल्या अमेरिकेतील मिसिसिपीच्या मुलीची टेस्टही निगेटिव्ह होती. 2014 मध्ये तिच्यात विषाणू परतला.

खरा वाद पेटला तो 2015 च्या सुमारास. सीडी4 (विषाणू ज्यांना मारतो त्या प्रतिकारपेशींची संख्या) कितीही असो, सर्वांना उपचार द्यायचे ठरले. म्हणजे ठणठणीत माणसेही लागण कळताच गोळ्या घेऊ लागणार. त्यातल्या एखाद्याचे मूळ निदानच चुकले असेल तर? जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी उत्तर दिले: औषध सुरू करण्याआधी नवा नमुना घेऊन पुन्हा तपासा, सुरू झाल्यावर नको. निर्णय शास्त्राला धरून आहे. उपचारांखाली आलेली निगेटिव्ह अँटिबॉडी टेस्ट लागण नसल्याचा पुरावा ठरत नाही, आणि ती हातात पडताच कुणी गोळ्या सोडल्या तर विषाणू परततो. तोंडातील द्रावावरच्या टेस्टमध्ये अशा फसव्या निगेटिव्हचा धोका आणखी मोठा. पण ज्यांची पहिली तपासणी घाईत उरकली त्यांच्यासाठी निदान पडताळण्याचे दार जवळजवळ बंद झाले. व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) ‘आढळला नाही’ हा तर उपचारांचाच परिणाम असू शकतो. पेशींतला विषाणूचा डीएनए शोधता येतो, तरी फार लवकर उपचार मिळालेल्यांत तोही हाती लागेलच असे नाही. औषध थांबवून पाहावे, तर उपचार खंडित केल्याने मृत्यू वाढतात हे 2006 च्या मोठ्या चाचणीने दाखवलेच होते. नियम सोपा ठेवण्याच्या भरात या माणसांचा विचार कमी झाला, असे वाटते.

अलीकडची लागण ओळखणाऱ्या टेस्टही इथेच फसल्या. उपचारांवरचा जुना रुग्ण त्यांना नवा दिसे, म्हणून व्हायरल लोडची जोड द्यावी लागली.

आता तोच पेच प्रतिबंधात आला आहे. लागण टाळण्यासाठी दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन घेताना लागण झाली तर अँटिबॉडी उशिरा दिसतात. काही ठिकाणी त्यामुळे थेट विषाणू शोधणाऱ्या आरएनए तपासणीचा आग्रह धरला गेला. 2025 च्या जागतिक शिफारशींनी मात्र साधी रॅपिड टेस्ट पुरेशी मानली, कारण महागड्या तपासणीच्या अटीपायी इंजेक्शनच लोकांपर्यंत पोहोचले नसते.