गावरान कोंबडी आधी कडक का होते?

थंडी पडली की नांदूरमधमेश्वरला रानबदकं उतरतात आणि नाशकात कुणाला तरी पूर्वीच्या रानपाखरांच्या रश्श्याची आठवण येते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तितर, लावे, रानबदकं मारणं गुन्हा आहे. लाव्याचं मांस 'उष्ण', त्यानं ताकद येते, या समजुतीला काहीही आधार नाही. चव येते ती राबलेल्या स्नायूंमुळे, आणि तसे स्नायू परसात फिरणाऱ्या, रानकोंबड्याच्याच वंशातल्या गावरान कोंबडीत असतात. फक्त ती शिजवता आली पाहिजे.

स्नायूंचे तंतू ज्या पांढऱ्या पडद्यांनी बांधलेले असतात ते कोलॅजेन या प्रथिनाचे. कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन पेडांची दोरी. शेजारशेजारच्या दोऱ्यांना एकमेकींत रासायनिक टाके पडतात. पाच-सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरमध्ये हे टाके कच्चे असतात, उष्णतेनं सुटतात. वर्ष-दीड वर्षाच्या कोंबडीत त्यांचे तिहेरी, पक्के टाके झालेले असतात. कोलॅजेन फारसं वाढलेलं नसतं, त्याची वीण घट्ट झालेली असते. साधारण ६० ते ६५ अंशांना ही दोरी आक्रसते आणि तंतूंमधलं पाणी पिळून काढते. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात मांस उलट कडक लागतं, आणि इथंच लोक आच वाढवतात. ७५-८०च्या पुढे, पुरेसा वेळ मिळाला, तर पेड उलगडतात आणि त्यांचं जिलेटिन होऊन रश्श्यात उतरतं. मोठ्या आचेनं हे लवकर होत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. खळखळ कितीही वाढली तरी तापमान तेवढंच. रस्सा आटतो आणि तुकडे आपटून विस्कटतात, इतकंच. कुकरमध्ये १२० अंशांपर्यंत जाता येतं, टाके लवकर सुटतात, पण छातीचं मांस भुसा होतं.

मांस लवकर शिजावं म्हणून करवंटीचा तुकडा टाकतात, त्यानं यातलं काहीच बदलत नाही. कच्च्या पपईत प्रथिनं तोडणारं विकर खरंच असतं, पण ते वरवरच पोचतं. बाहेर लगदा, आत चिवट.

सव्वा किलोची कोंबडी कापल्या कापल्या पातेल्यात टाकू नये, तेव्हा स्नायू ताठरत असतात. १५ ग्रॅम मीठ आणि हळद चोळून पाच-सहा तास फ्रिजमध्ये ठेवावी. जाड बुडाच्या पातेल्यात कांदा परतून मांड्या, तंगड्या, पाठ आणि मान घालावी. छातीत कोलॅजेन कमी, तिचे तुकडे शेवटच्या पाऊण तासासाठी राखून ठेवावेत. सव्वा लिटर गरम पाणी ओतावं, वर पाणी भरलेलं ताट झाकावं. वाफ ताटाला लागून खाली ठिबकते, आणि कमी पडलं तर ओतायला ताटातलं गरम पाणी हाताशी असतं. थंड पाणी ओतलं की पातेल्याचं तापमान खाली येतं आणि काम मंदावतं. आच अशी हवी, की बुडबुडे एकेक करून वर यावेत. दोन ते अडीच तास लागतात. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला शेवटच्या अर्ध्या तासात. आधी घातलं तर बुडाला धरतं.

तंगडीच्या टोकाचं हाड उघडं पडून मांस वर सरकलं की झालं. चमचाभर रस्सा गार करून दोन बोटांत धरावा, बोटं चिकटली पाहिजेत. उरलेला रस्सा सकाळी फ्रिजमध्ये थरथरत्या जेलीसारखा गोठलेला मिळेल. गोठला नाही, तर पाणी जास्त झालं किंवा कोंबडी लवकर उतरवली.