ओपन सोर्समधलं कोड कव्हरेज

टेस्ट चालवल्यावर प्रोग्रॅममधला किती कोड खरोखर चालला याचं मोजमाप म्हणजे कोड कव्हरेज. ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये हा आकडा प्रत्येक बदलानंतर नव्याने काढून आधीच्याशी ताडून बघतात, कारण पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून येतो आणि पाठवणाऱ्याने टेस्ट लिहिल्यात की नाही हे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरला चटकन कळायला हवं.

टूल्स भाषेगणिक वेगळी. सी साठी जीसीसी या कंपायलरसोबतच (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं टूल) येणारं जीकॉव्ह, जावाला जाकोको, जावास्क्रिप्टला इस्तंबूल, पायथनला कव्हरेज डॉट पाय जे नेड बॅचेल्डर २००४ पासून सांभाळतायत, आणि गो मध्ये तर २०१३ च्या १.२ व्हर्जनपासून ही सोय भाषेच्या टूलमध्येच आहे. जीकॉव्ह वापरताना कंपायलर कोडमध्ये जागोजागी काउंटर घालतो, टेस्ट चालताना ते वाढतात, आणि जिथला काउंटर शेवटपर्यंत शून्यच राहिला तो कोड चाललाच नाही. मग सीआय, म्हणजे प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा, हा रिपोर्ट कोडकॉव्ह किंवा कव्हरऑल्स या वेबसेवांकडे पाठवते आणि पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल सामील करून घेण्याच्या विनंतीवर, आकडा दिसतो. इथे एकूण टक्केवारीपेक्षा नव्याने बदललेल्या ओळींचं कव्हरेज बघणं जास्त कामाचं, कारण जुन्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये एकूण आकडा एका पॅचने जेमतेम हलतो.

लाइन कव्हरेजवर, म्हणजे चाललेल्या ओळींच्या टक्केवारीवर, मात्र फार विसंबू नये. समजा कोडमध्ये अट तपासणारा एक इफ आहे, अट खोटी ठरल्यावरचा एल्स नाही, आणि टेस्टमध्ये अट दरवेळी खरीच ठरली, तर १०० टक्के दिसतात, पण अट खोटी असताना काय होतं ते कुणी तपासलेलंच नसतं. म्हणून ब्रांच कव्हरेज, ज्यात अटीच्या खऱ्या आणि खोट्या दोन्ही वाटा मोजतात, आणि त्याहून कडक एमसीडीसी, ज्यात अटीतला प्रत्येक भाग एकट्याच्या जोरावर निकाल बदलतो हे दाखवावं लागतं. विमानांच्या सॉफ्टवेअरच्या डीओ-१७८बी या मानकात सगळ्यात गंभीर पातळीच्या सॉफ्टवेअरसाठी एमसीडीसीच मागितलं होतं.

एसक्यूलाइट या डेटाबेसने एमसीडीसीमध्ये १०० टक्के गाठलंय आणि त्यांची पद्धत मुद्दाम बघण्यासारखी आहे. कधीच खरी होऊ नये अशी अट ते नेव्हर नावाच्या मॅक्रोत (कंपाइल होताना ज्याच्या जागी ठरवलेला कोड येतो असं नाव) गुंडाळतात, रिलीजमध्ये ती अट नेहमीसारखी तपासली जाते, चुका शोधण्यासाठीच्या डीबग बिल्डमध्ये खरी ठरली तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, आणि कव्हरेज मोजताना ती सरळ खोटी धरतात म्हणजे न पोचता येणारी ब्रांच हिशोबातच येत नाही. शिवाय कव्हरेज मोजून झाल्यावर त्याच टेस्ट काउंटर नसलेल्या बिल्डवर परत चालवतात, कारण लोकांच्या हातात जातो तो कोड हाच, आणि जीकॉव्हने परीक्षा होते ती टेस्टची, प्रोग्रॅमची नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. २०१४ मध्ये इनोझेम्त्सेवा आणि होम्स या संशोधकांनी ५ मोठ्या जावा प्रोग्रॅमवर ३१,००० टेस्ट संच तपासले, तेव्हाही संचाचा आकार सारखा ठेवला तर कव्हरेज आणि बग पकडण्याची ताकद यांचा संबंध कमी ते मध्यमच निघाला.

ट्रॅकिंगसाठी बाहेरची स्क्रिप्ट सीआयमध्ये चालवायची म्हणजे तिच्यावर विश्वास टाकणं आलं. जानेवारी २०२१ पासून कोडकॉव्हच्या बॅश अपलोडर या रिपोर्ट पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी घुसून बदल केला होता, सीआयमधल्या गुप्त किल्ल्या आणि टोकन परस्पर बाहेर जात होते, आणि एका ग्राहकाला चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) जुळत नाही हे दिसलं तेव्हा १ एप्रिलला ते उघडकीला आलं. टेराफॉर्म हे टूल बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीला त्यामुळे रिलीजवर डिजिटल सही करायची जीपीजी किल्लीच बदलावी लागली.